डाव्या पायाचं काम

प्रिय ठमे,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज सकाळी कागद पुढे घ्यायचा, दोन ओळी लिहायच्या, आणि अक्षर बघूनच लाज वाटून कागद फाडायचा, असं चाललंय. शाळा मधेच सुटलेला माणूस मी, माझे पाने नि स्क्रू हातात नीट बसतात, पेन बसत नाही. फोनवर बोललो असतो, पण फोन स्वयंपाकघराच्या दारात आणि तुझ्या आईचे कान त्याहून जवळ. शिवाय फोनवर तू घाईत असतेस. तुझा खोकला गेला का? ते काढ्याचं औषध उपाशीपोटी घेऊ नकोस. आणि तुमच्या त्या जिन्यातला दिवा गेलाय म्हणालीस, तो बसवून घे आधी. अंधारात पायरी चुकते, मग आयुष्यभर गुडघा आठवण करून देतो. माझा देतो.

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस तसंच केलं. "बाबा, गाडी विका नि मोकळे व्हा, ती शेड तुम्हाला खाऊन टाकेल," हे तुझं वाक्य मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला तरी अक्कल आहे." दातांचे डॉक्टर आहेत ना, आपल्या गल्लीच्या टोकाला ज्यांचा दवाखाना आहे, ते गाडी घेतायत. येत्या रविवारी सकाळी येऊन घेऊन जाणार. भला माणूस आहे. अट मीच घातली होती, की गाडी उभ्या जागेवरून जोरात कशी काढायची हे आधी शिका, मगच किल्ली. तुझ्या दादाची गाडी कुणी पहिल्याच सिग्नलला धाडकन क्लच सोडून एक्सल तोडलेली मला बघवणार नाही. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काका, दातालाही एकदम जोर लावत नाहीत, आधी हलवून बघतात." तेव्हाच मला वाटलं, जमेल यांना.

बरोबर दवाखाना बंद असतो त्या दुपारी ते यायचे नि आम्ही जुन्या धावपट्टीवर जायचो. तीच, जिथे दादा शर्यतीला उभा राहायचा. आता तिथे कुणी येत नाही. सिमेंटच्या भेगांतून गवत वर आलंय आणि वारा एकसारखा आडवा वाहतो. मी त्यांना दोराचं उदाहरण दिलं, तुम्हा दोघांना द्यायचो तेच. बंद पडलेली गाडी ओढायची असेल तर दोर आधी ताणून घेतात, मग जोर लावतात. सैल दोराला हिसका दिला की दोर तरी तुटतो नाहीतर हूक तरी. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सगळीकडे अशी थोडी थोडी ढिलाई असते, गिअरच्या दातऱ्यांत असते, सांध्यांत असते. ती आधी गोळा करायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजाराच्या जरा वर धरायचा, त्याहून जास्त नाही. क्लचचं पेडल झटकन वर आणायचं, पण पकडीच्या जागेपर्यंतच, म्हणजे क्लच धरायला लागतो तिथवर. तिथे गाडी पुढून किंचित उचलल्यासारखी होते, बसल्याजागी कळतं. त्या ठिकाणी एक श्वास. गाडी हलली की उरलेलं पेडल सोडून द्यायचं आणि उजव्या पायानं इंजिनाला पेट्रोल पाजत जायचं. चाक फिरायला लागलं तर उजवा पाय जरा कमी, डाव्याला हात लावायचा नाही. मागून उड्या मारायला लागली तर लगेच सोडून द्यायचं, हट्ट करायचा नाही, त्या उड्यांनीच शाफ्ट तुटतात. एकदा काढली की लगेच दुसऱ्यांदा नाही. थंड होऊ द्यायचं, वास घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शर्यतीच्या झेंड्याची वाट बघत हाफ क्लचवर उभं राहायचं नाही. गाडी पुढे जात नाही, मागे येत नाही, आणि क्लचची प्लेट आतल्या आत जळत राहते. वाट बघायची तर न्यूट्रलमधे बघावी.

हे सांगताना मला सारखी तुमची ती शिकवणी आठवत होती. शेडमधली, ठमे. तुम्हा दोघांचे पाय पेडलला पुरत नव्हते तेव्हाची. तुम्हाला मी त्या मोडक्या सीटवर बसवायचो, डावा बूट काढायला लावायचो, आणि मी खाली बसून माझा तळहात तुमच्या तळव्याला लावायचो. मी क्लच. तुम्ही दाबायचं, मग हळूहळू सोडत यायचं, आणि माझा हात जिथे थरथरेल तिथे थांबायचं. मी "सोड" म्हणेन तेव्हाच पुढे सोडायचं. तुला गुदगुल्या व्हायच्या, तू कधी धड थांबली नाहीस. दादा मात्र दगडासारखा थांबायचा. एकदा आईनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, "सोड रे बाबा, ताट वाढलंय." तो हलला नाही. मला म्हणाला, ज्याचा हात आहे त्यानंच सांगायचं. मग तोच नियम झाला. पुढे मी गॅरेजात अडकलो की तुम्ही दोघं आपसात खेळायचात, एकदा तुझा हात, एकदा त्याचा. मोठा झाल्यावरही शर्यतीच्या दिवशी तो डावा बूट काढूनच बसायचा. लोक हसायचे. पण त्यानं एकही एक्सल तोडला नाही, एकही प्लेट जाळली नाही. सगळे त्याला विचारायचे, काय करतोस. तो म्हणायचा, काही नाही, माझ्या बहिणीच्या हाताची आठवण ठेवतो.

हे त्यानं तुला कधी सांगितलं नसेल. मला आपल्या गॅरेजशेजारच्या त्या लेथवाल्यानं सांगितलं, तो गेल्यानंतर.

आता जे लिहायला एवढे कागद फाडले ते लिहितो. हसू नकोस, आणि आईला फोन करून विचारू नकोस. दादा गेल्यावर मी शेडचं कुलूप बरेच महिने काढलं नव्हतं. तू विकायचं म्हणालीस तेव्हा काढलं. बॅटरी चार्जिंगला लावली, आत बसलो, सवयीनं क्लच दाबला आणि सोडला. पेडल अर्ध्यावर आलं आणि थांबलं. इंजिन बंद होतं. मी पाय पूर्ण काढून घेतला होता. पेडल तिथेच, पकडीच्या जागेवर, अगदी बारीक थरथरत. मग जरा वेळानं आपोआप वर आलं.

मी काय आज कामाला लागलेलो नाही. पेडल अडकतं ही काही नवलाची गोष्ट नाही. क्लचच्या वरच्या सिलिंडरचं रबर फुगलं असेल, नळी आतून सुजली असेल, स्प्रिंग मेली असेल. सगळं बदललं. नवं तेल भरलं, एअर काढली, पेडलचा दांडा उतरवून पॉलिश करून ग्रीस लावून बसवला. दाबलं, सोडलं. पुन्हा तिथेच थांबलं. जागा इंचभरही बदलत नाही. मी पकड खाली घेतली, म्हणजे माझ्या म्हाताऱ्या पायाला सोपी अशी. दुसऱ्या दिवशी ती वर होती, दादा ठेवायचा तिथे. लेथवाल्याला बोलावलं. त्याचं तुला माहीत आहे, तोंडाला फाटक नाही. "मिस्तरी, गाडी तरुण आहे, तुमच्यासारख्या थेरड्याचा पाय तिला नको," म्हणत आत वाकला. मग मीच म्हटलं, चल, सिलिंडरची दांडीच काढून टाकू. म्हणजे पेडल कशालाच जोडलेलं नाही, नुसतं लोंबकळणार, वरची स्प्रिंग त्याला ओढून घेणार, बस. काढली. लेथवाल्यानं हातानं पेडल दाबलं आणि सोडलं. ते अर्ध्यावर येऊन थांबलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. बाहेर उन्हात कुणीतरी सायकल चालवत गेलं, तेवढाच आवाज. मग पेडल वर आलं. लेथवाला उठला, हात पुसले, फडकं घडी घालून ठेवलं, आजवर कधी ठेवलं नव्हतं, आणि चहाला न थांबता घरी गेला. तेव्हापासून भेटला की हवापाण्याचं बोलतो.

दांडी परत जोडली. दुसऱ्या दिवशी गाडी एकट्यानं धावपट्टीवर नेली. एकट्यानं गेलो म्हणून ओरडू नकोस. माझा डावा गुडघा कसा आहे तुला ठाऊक आहे. मला आयुष्यात एकदाही दादासारखी गाडी काढता आली नाही. मी शिकवणारा, उडणारा तो. इंजिन गरम होऊ दिलं, पुढची चाकं सरळ केली, पहिला गिअर टाकला आणि पाय सोडायला लागलो. ठमे, माझा पाय सुटला. गुडघा दुखला आणि पाय पेडलवरून घसरलाच. धाड व्हायला हवं होतं. एखादा शाफ्ट माझ्या डोळ्यांदेखत जायला हवा होता. पेडल वर आलं, पकडीवर थांबलं, गाडीनं नाक उचललं, एक श्वास गेला, आणि मग ते हळूच सुटलं. गाडी अशी निघाली की सीटनं मला कुशीत घेतल्यासारखं वाटलं. ना चाक फिरलं, ना वास आला. पट्टी संपेपर्यंत माझा डावा पाय पेडलपासून दूर, गाडीच्या तळावर होता. गाडी थांबवल्यावर मी बराच वेळ आरशात मागची सीट बघत बसलो. त्या गाडीला मागची सीटच नाही, हे नंतर लक्षात आलं.

भीती वाटली का, विचारशील. त्या वेळी नाही वाटली. घरी येऊन हात धुताना वाटली.

डॉक्टरांना मी काही बोललो नाही. त्यांना शिकवायचं म्हणून नेलं तेव्हा मनात म्हणत होतो, आता यांच्या पायाखाली तरी नीट वागू दे. पहिल्या खेपेला त्यांनी इंजिन बंद पाडलं, दुसऱ्यांदा गाडी गचके खात गेली, अगदी शिकाऊ माणसाची जाते तशी. माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "काका, बूट काढून बघू का, दवाखान्यात मशीनचं पेडल मी चप्पल काढूनच दाबतो." मी नको म्हणेपर्यंत डावा बूट त्यांच्या हातात होता. गाडी निघाली ती दादासारखी. पट्टीच्या टोकाला थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खाली पायाकडे पाहिलं. म्हणाले, "पेडलच्या खालून कुणीतरी आधार देतंय असं वाटतं हो." मग स्वतःच म्हणाले, जुन्या स्प्रिंगचं काहीतरी असेल. मी हो म्हटलं. बूट घातला त्यांनी. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. गाडी मात्र नको म्हणाले नाहीत. आता त्यांनाही ती सोडवत नाहीसं दिसतं, आणि याचीच मला जास्त काळजी आहे.

आईचं सांगायचं राहिलं. मी शेडमधे जास्त वेळ बसलो की दारातून तोंड सुटतं, "अहो, म्हातारचळ लागलाय का, त्या पत्र्याशी काय गप्पा मारता." स्वतः ती दादा गेला त्या दिवसापासून शेडच्या उंबऱ्याच्या आत आली नाही, असं मी समजून होतो. परवा ती दुपारची बाजारात गेली तेव्हा मी शेड झाडायला घेतली. ड्रायव्हरच्या दाराखाली एक चप्पल होती. तिची, घरात घालायची, डाव्या पायाची. एकच. सीट पार पुढे ओढलेली, तिच्या उंचीला लागते तेवढी. पेडलच्या रबरावर धूळ असते ती नव्हती. तिनं जन्मात गाडी चालवलेली नाही, साधा हॉर्न वाजवला की दचकते. मी चप्पल उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी, तिच्या दुसरीशेजारी ठेवली. ती आली, तिनं पाहिली, पायात घातली आणि भाजी निवडायला बसली. रात्री जेवताना तिनं मला न मागता वाढलं आणि म्हणाली, "रविवार फार जवळ आला हो." इतकंच.

म्हणून मग काल मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शेडच्या जमिनीवर बसलो, गाडीत डोकं घातलं आणि पेडल दाबून धरून मधे माझा तळहात लावला, तुम्हाला लावायचो तसा. ते वर आलं आणि हाताला टेकलं. लोखंड नव्हतं वाटत. दाब होता. वजन टाकत होतं, थांबत होतं, माझा हात कुठे थरथरतो ते शोधत होतं. मी मोठ्यानं म्हणालो, सोड. ते सुटलं नाही. पुन्हा म्हणालो, बाळा सोड आता. नाही सुटलं. बऱ्याच वेळानं नुसतं थकून गेल्यासारखं वर गेलं. आणि मग मला कळलं की मी कशाला ओळखणार. माझ्या हातात त्याचा पाय होता तेव्हा तो एवढासा होता. मोठेपणी त्याच्या पायाला मी हात लावला नाही. लावला तो तू.

ठमे, मी हॉस्पिटलातून औषधं आणायला खाली गेलो होतो त्या दुपारी, पण परत आलो तेव्हा दारातून पाहिलं होतं, तुला ठाऊक नाही. त्याला बोलता येत नव्हतं, डोळे मिटलेले, आणि चादरीखाली त्याचा डावा पाय चालला होता. दाबायचा, वर यायचा, अर्ध्यावर थांबायचा. नर्स म्हणाली, तापानं होतं असं. तू खुर्ची ओढलीस, चादर बाजूला केलीस आणि त्याच्या तळव्याला तुझा तळहात लावलास. त्याचा पाय थांबला, तुझ्या हातावर, त्या नेहमीच्या जागी. तू रडत होतीस, बोलली काहीच नाहीस. कोण बोलू शकलं असतं. संध्याकाळी तो गेला तेव्हाही तुझा हात तिथेच होता. मग तू ती दोन पेडलांची, बिनक्लचची गाडी घेतलीस, डाव्या पायाला काही कामच नको म्हणून. आम्ही कुणी तुला विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. पण मी जन्मभर क्लच बांधले आहेत. हाफ क्लचवर कुणाला फार वेळ उभं ठेवू नये, एवढं मला कळतं. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही, आतल्या आत जळत राहतं. माझं ऐकत नाही तो, आईचं तर तेव्हाही ऐकलं नव्हतं, आणि बरोबरच आहे त्याचं, ज्याचा हात त्यानंच सांगायचं. तेव्हा रविवारच्या आत ये. गाडी चालवायची नाही, आत बसायचंसुद्धा नाही. खाली जमिनीवर बस, मी गोणपाट अंथरून ठेवतो, आणि एकदा तुझा तळहात पेडलला लाव. तो नसेल तर मी वेडा ठरेन, किल्ली डॉक्टरांना देईन आणि पुन्हा तोंडातून चकार शब्द काढणार नाही. तो असेल तर काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे. म्हणवलं नाही तर नको म्हणूस, आपण डॉक्टरांना गाडी देत नाही म्हणून सांगू. पण येतेस की नाही ते लवकर कळव. फोन केलास तरी चालेल, नुसतं हो म्हण, आईला काही कळायचं नाही. खरं तर तिलाही कळू दे. सकाळीच तिनं तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझाच,
बाबा